छोटे इंजिन, मोठा ताप : ट्रॅकवरील टर्बो गाडीच्या टिकाऊपणाचा प्रश्न

टर्बोचार्जर बसवलेली छोटी स्पोर्ट्स कार रस्त्यावर वर्षानुवर्षे विनातक्रार चालते आणि तीच गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर अर्ध्या तासात उकळते, ऑइल खायला लागते किंवा तिचा पिस्टन फुटतो, तेव्हा दोष बहुधा टर्बोच्या माथी मारला जातो. प्रत्यक्षात टर्बो हा त्या साखळीतला एक दुवा असतो. इंजिनात अधिक हवा आणि अधिक इंधन घातले की अधिक शक्ती मिळते, परंतु त्या शक्तीच्या दुपटीहून अधिक उष्णताही त्याच वेळी निर्माण होते आणि ती कोणत्या ना कोणत्या वाटेने बाहेर काढावीच लागते. रस्त्यावर ही पूर्ण शक्ती काही सेकंदच वापरली जाते, त्यामुळे उरलेल्या वेळात इंजिनाला सावरायला अवधी मिळतो; ट्रॅकवर तो अवधी मिळत नाही. म्हणून टर्बो गाडीच्या टिकाऊपणाचा प्रश्न धातूच्या ताकदीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, उष्णतेच्या हिशेबाचा आहे.

टर्बोचार्जरची रचना सांगायला सोपी आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त वायू एका चाकावर आदळतो आणि ते फिरवतो, या चाकाला टर्बाइन म्हणतात. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला असलेले कॉम्प्रेसरचे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात ढकलते. वातावरणाच्या दाबाच्या वर मिळणाऱ्या या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. बूस्ट ठरलेल्या मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाची झडप जादा वायू टर्बाइनला वळसा घालून सोडून देते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने या कल्पनेचे पेटंट 1905 मध्ये घेतले. मोटारगाडीत वापरल्या जाणाऱ्या लहान टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, त्याच्या एका टोकाला 900 अंश सेल्सिअसच्या जवळपासचा वायू असतो आणि काही सेंटिमीटरवर असलेल्या दुसऱ्या टोकाला बाहेरून येणारी हवा असते.

महाराष्ट्राशी नाते असलेल्या एका गाडीच्या आकड्यांवरून या प्रश्नाचे माप नीट घेता येते. टाटा मोटर्सने मार्च 2017 मध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात ‘टॅमो रेसमो’ ही दोन आसनांची छोटी स्पोर्ट्स कार मांडली. तिचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, गाडीच्या मध्यभागी होते, त्याचा आकार अवघा 1.2 लिटर होता, सिलिंडर तीन होते आणि टर्बोच्या साहाय्याने त्यातून मिनिटाला 6500 फेऱ्यांना 190 अश्वशक्ती व 2500 फेऱ्यांना 210 न्यूटन-मीटर टॉर्क मिळेल असे जाहीर करण्यात आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉनमध्ये रेव्होट्रॉन याच घराण्याचे, तेवढ्याच आकाराचे टर्बो पेट्रोल इंजिन होते आणि ते 110 अश्वशक्ती व 170 न्यूटन-मीटर देत होते. रेसमो पुढे उत्पादनात आली नाही, तरी हे दोन आकडे शेजारी ठेवले की ट्रॅकसाठी शक्ती वाढवणे म्हणजे नेमके काय करणे, हे कळते.

टॉर्कवरून सिलिंडरमधील सरासरी परिणामी दाब काढता येतो. नेक्सॉनच्या बाबतीत तो साधारण 18 बार येतो, रेसमोच्या बाबतीत 22 बार. हा फरक मोठा आहे, पण खरा फरक त्याहून पुढचा आहे. 6500 फेऱ्यांना 190 अश्वशक्ती मिळायची असेल, तर त्या वेगालाही टॉर्क 205 न्यूटन-मीटरच्या खाली उतरून चालत नाही. म्हणजे हा दाब इंजिनाने खालपासून थेट वरपर्यंत पेलत राहिला पाहिजे. आता उष्णतेचा हिशेब मांडला, तर 190 अश्वशक्ती म्हणजे सुमारे 140 किलोवॅट. पूर्ण भारावर पेट्रोलमधील 28 टक्के ऊर्जा कामी येते असे धरले, तर इंजिनात 500 किलोवॅट ऊर्जा जाळावी लागते आणि उरलेली 360 किलोवॅट उष्णता म्हणून बाहेर पडते. पाणी तापवण्याचे दोन किलोवॅटचे 180 हीटर एका वेळी सुरू असावेत, एवढी ही उष्णता आहे. हीच गाडी महामार्गावर ताशी 90 किलोमीटरने चालवली, तर चाकांना 15 किलोवॅटच्या आत शक्ती पुरते आणि वाया जाणारी उष्णता 40 ते 45 किलोवॅटच्या घरात राहते. ट्रॅकवर चालक फेरीचा मोठा भाग पूर्ण अॅक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे रेडिएटर, ऑइल, सिलिंडर हेड आणि सायलेन्सरची नळी या सर्वांवर पडणारा सरासरी भार रस्त्यावरच्या भाराच्या कित्येक पट होतो. रस्त्यासाठी पुरेसा असलेला रेडिएटर म्हणूनच ट्रॅकवर तोकडा पडतो, आणि पाण्याचे तापमान फेरीगणिक दोन-दोन अंश चढत गेले की हेड गॅस्केट उडण्याची वेळ दूर राहत नाही.

एवढ्या भाराखाली तासन्‌तास चालणारी टर्बो इंजिने मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात लोकांच्या रोजच्या पाहण्यातली आहेत. कळमनुरी किंवा सेनगावच्या शिवारात बसाल्टच्या काळ्या खडकात बोअर घेणाऱ्या गाडीवरील कॉम्प्रेसरचे इंजिन भर उन्हाळ्यात शेकडो फूट खोलीपर्यंत खोदकाम होईतो जवळपास पूर्ण भारावर चालते आणि तरी टिकते. त्याचे कारण असे की ते मोठे डिझेल इंजिन असते, त्यातून लिटरमागे तीस-चाळीस अश्वशक्तीच काढली जाते, त्यात इंधनाच्या मानाने हवा जास्त असल्याने बाहेर पडणारा वायू पेट्रोल इंजिनापेक्षा बराच थंड असतो आणि रेडिएटर, पंखा व ऑइलची टाकी पहिल्यापासून अशाच कामासाठी योजलेली असते. रेसमोच्या इंजिनाचा हिशेब लिटरमागे 158 अश्वशक्तीचा होता. दोन्हीकडे टर्बो आहे. फरक आहे तो हाताशी राखलेल्या सवडीचा.

ही सवड हवामान आणखी कमी करते. हवा दाबली की तापते, हा भौतिकशास्त्राचा नियम कॉम्प्रेसरला चुकत नाही. मे महिन्यात हिंगोलीत दुपारचा पारा 40 अंशांपलीकडे जातो. अशी 40 अंशांची हवा वातावरणाच्या 1.8 पट दाबापर्यंत दाबली आणि कॉम्प्रेसरची कार्यक्षमता 70 टक्के धरली, तर ती बाहेर पडताना सुमारे 122 अंश तापलेली असते. तापलेली हवा विरळ असल्यामुळे दाब 80 टक्क्यांनी वाढूनही इंजिनात प्रत्यक्ष जाणारी हवा केवळ 43 टक्क्यांनी वाढते. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर, म्हणजे हवा थंड करणारा रेडिएटर, बसवतात. तो ही हवा 65 अंशांवर आणू शकला, तर वाढ 67 टक्क्यांपर्यंत पोहोचते. मात्र इंटरकूलरलाही थंडावा वाऱ्यापासूनच मिळतो. तो रेडिएटरच्या पुढे बसवला तर पाण्याच्या रेडिएटरला तापलेली हवा मिळते, इंजिनाच्या डोक्यावर बसवला तर खालच्या इंजिनाची धग तो शोषतो आणि गाडी मध्यभागी इंजिन असलेली असेल तर त्याच्यापर्यंत वारा पोहोचवण्यासाठी बाजूने वेगळे मार्ग काढावे लागतात. छोट्या स्पोर्ट्स कारचे आकर्षण तिच्या आटोपशीर बांध्यात असते आणि टर्बोची मुख्य अडचणही त्याच बांध्यात असते, कारण उष्णता बाहेर टाकायला लागते ती जागा, आणि तिचीच तिथे चणचण असते.

तापलेली हवा शक्ती कमी करते एवढेच असते, तर काळजीचे कारण नव्हते. ती नॉकिंगला आमंत्रण देते हे अधिक गंभीर आहे. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर ज्वाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला शिस्तीत पसरायला हवी, परंतु शेवटी उरलेले मिश्रण ज्वाला पोहोचण्याआधीच दाब आणि उष्णतेने आपोआप पेटले, तर सिलिंडरमध्ये धक्कालहरी उठतात आणि धातूवर ठोके पडल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. या धक्क्यांनी पिस्टनच्या पृष्ठभागाला चिकटलेला थंड वायूचा पातळ थर उडून जातो, धातू थेट ज्वालेच्या धगीत येतो आणि पिस्टनच्या रिंगा ज्या खाचांत बसतात त्यांमधल्या कडा तुटतात. रिंगा गेल्या की दाब खाली क्रँककेसमध्ये उतरतो, ऑइल वर चढते आणि निळा धूर सुरू होतो. ऑक्टेन अंक म्हणजे इंधनाची या आपोआप पेटण्याला विरोध करण्याची क्षमता. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या इथेनॉलचा ऑक्टेन अंक उंच असतो आणि बाष्प होताना ते पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे नॉकिंगच्या दृष्टीने वीस टक्के इथेनॉलचे इंधन टर्बोला अनुकूलच ठरते. मात्र तेवढीच हवा जाळण्यासाठी ते अधिक प्रमाणात लागते, म्हणून जुन्या गाडीचे इंजेक्टर आणि इंधनपंप यांची क्षमता आधी तपासावी लागते. पूर्ण भारावर इंधन कमी पडून मिश्रण पातळ झाले, तर पिस्टन वितळायला काही सेकंद पुरतात.

मूळचे बिनटर्बोचे इंजिन घेऊन त्याला नंतर टर्बो जोडण्याचा धोका इथेच असतो. अशा इंजिनाचे संपीडन गुणोत्तर, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे प्रमाण, उंच ठेवलेले असते, कारण त्याला सगळी शक्ती त्यातूनच मिळवायची असते. जगभरात हौशी चालकांनी सर्वाधिक टर्बो बसवले अशा छोट्या स्पोर्ट्स गाड्यांत 1989 ची माझदा एमएक्स-5 येते, तिच्या 1.6 लिटर इंजिनाचे हे गुणोत्तर 9.4 होते आणि त्याच घराण्यातील इंजिने कंपनीने अन्य गाड्यांत टर्बोसह वापरलेली होती, त्यामुळे मर्यादित बूस्ट ते सहन करत असे. 2012 च्या टोयोटा 86 चे गुणोत्तर 12.5 होते, तिथे थोड्याशा बूस्टलाही ठिणगीची वेळ मागे ओढावी लागते, आणि ठिणगी उशिरा पडली की जळण लांबून बाहेर पडणारा वायू अधिक तापतो. एक संकट टाळण्यासाठी उष्णता सिलिंडरमधून टर्बाइनकडे ढकलली जाते, ती नाहीशी होत नाही.

इतिहासातही हाच धडा वारंवार आढळतो. अमेरिकेत 1962 मध्ये आलेल्या ओल्ड्समोबिल जेटफायर या सुरुवातीच्या टर्बो गाडीचे संपीडन गुणोत्तर 10.25 होते आणि नॉकिंग रोखण्यासाठी तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण एका वेगळ्या टाकीतून फवारले जाई. मालक ती टाकी भरायला विसरत, बूस्ट बंद पडे आणि तक्रारी वाढत, परिणामी अनेक गाड्यांचे टर्बो पुढे काढून साधे कार्बोरेटर बसवावे लागले. फॉर्म्युला वन शर्यतीत रेनो कंपनीने 1977 मध्ये सिल्व्हरस्टोन येथे 1.5 लिटरची पहिली टर्बो गाडी उतरवली, तेव्हा ती इतक्या वेळा धूर काढत थांबे की प्रतिस्पर्धी तिला ‘पिवळी चहाची किटली’ म्हणून हिणवत. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो आणि सुधारलेली शीतन व्यवस्था घेऊन त्याच कंपनीने 1 जुलै 1979 रोजी दिजाँ येथे फ्रेंच ग्रां प्री जिंकली. मोठ्या कारखान्याच्या पाठबळावरही या कामाला दोन वर्षे लागली.

ट्रॅकवर ऑइलची भूमिका बदलते. टर्बोचा दांडा बेअरिंगला टेकत नाही, तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो; तेच ऑइल त्याची उष्णताही वाहून नेते. ऑइलचे तापमान 100 वरून 140 अंशांवर गेले की त्याचा दाटपणा निम्म्याच्या आसपास उतरतो आणि तो थर टिकवणे कठीण होते. त्यात वळणांची भर पडते. चांगल्या टायरवर गाडी वळताना बाजूचे बल गुरुत्वाकर्षणाइतके झाले, तर इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलचा पृष्ठभाग 45 अंशांत कलतो, ऑइल एका कडेला जमा होते आणि पंपाची नळी क्षणभर हवा ओढते. रस्त्यावर असे वळण एखादा सेकंद टिकते, ट्रॅकवरच्या लांब वळणात ते चार-पाच सेकंद टिकते, आणि त्या वेळी टर्बोचा व क्रँकशाफ्टचा ऑइलचा दाब एकदम पडतो. ऑइल अडवणारे पडदे तळपात्रात बसवणे, दाबाखाली ऑइल राखून ठेवणारी टाकी जोडणे किंवा ऑइल वेगळ्या टाकीत ठेवणारी ड्राय सम्प पद्धत वापरणे, हे यावरचे चढत्या खर्चाचे उपाय आहेत. टर्बोमधून परत येणारे ऑइल केवळ उताराने वाहते, त्यामुळे परतीची नळी रुंद, सरळ उतरती आणि तळपात्रातील पातळीच्या वर उघडणारी हवी. ती वाकडी किंवा अरुंद असेल तर धडधाकट टर्बोही सीलमधून ऑइल सोडतो आणि मेकॅनिक त्याला निकामी ठरवून मोकळा होतो.

लांब पल्ल्याचे ट्रकचालक मुक्कामी पोहोचल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडलवर ठेवतात, त्यामागचे शास्त्र हेच आहे. इंजिन थांबले की ऑइलचा प्रवाह थांबतो, टर्बाइनची धग मात्र दांड्यातून बेअरिंगकडे सरकत राहते आणि तिथे अडकलेले ऑइल जळून त्याची कोळशासारखी पुटे चढतात. ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश मारून मग गाडी उभी करण्याची शिस्त यासाठीच पाळली जाते. अलीकडच्या टर्बोंभोवती पाणी खेळवलेले असते आणि इंजिन बंद झाल्यावरही ते फिरत राहील अशी सोय असते, तरी ही शिस्त सोडण्यात शहाणपण नाही.

बाहेर पडणाऱ्या वायूची वाटही तितकीच नाजूक असते. सिलिंडर हेडपासून टर्बोपर्यंतचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड ट्रॅकवर लालबुंद होतो. स्टेनलेस स्टीलची 40 सेंटिमीटर लांबीची नळी 800 अंशांनी तापली तर ती साडेपाच मिलिमीटरहून अधिक लांबते, आणि ती ज्या ॲल्युमिनियमच्या हेडला आवळलेली असते ते मात्र शंभर अंशांच्या आगेमागे असल्याने फारसे हलत नाही. दर फेरीत सरळ रस्त्यावर तापणे आणि ब्रेकिंगच्या वेळी निवणे, असे चक्र शेकडो वेळा झाले की वेल्डजवळ तडे जातात, स्टड सैल पडतात किंवा तुटतात आणि त्या फटीतून निघणारा वायू शेजारची वायर, रबरी नळी किंवा ब्रेक ऑइलची टाकी भाजून काढतो. टर्बोचे वजन केवळ मॅनिफोल्डवर न टाकता त्याला वेगळा आधार देणे, लवचीक जोड वापरणे आणि उष्णतारोधक पत्रे लावणे ही कामे स्वस्त असतात, पण दिखाऊ नसल्याने मागे पडतात.

मराठवाड्याच्या परिस्थितीत धुळीचाही विचार करावा लागतो. 140 किलोवॅट शक्तीसाठी इंजिन तासाला साडेचारशे घनमीटरच्या आसपास हवा ओढते. सोयाबीन काढणीच्या दिवसांत किंवा उन्हाळी नांगरणीनंतर काळ्या मातीची बारीक धूळ हवेत तरंगत असते, आणि फिल्टरपुढची एखादी क्लिप सैल असली तर ती धूळ कॉम्प्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते व पुढे सिलिंडरच्या भिंती घासते. अधिक आवाज आणि थोडी अधिक शक्ती मिळावी म्हणून बसवलेला उघडा, विरळ जाळीचा फिल्टर या भागात इंजिनाचे आयुष्य झपाट्याने कमी करतो.

क्लच, गिअरबॉक्स आणि ब्रेक यांवरील ताण यानंतर येतो. गिअरचे दात टॉर्कच्या मर्यादेवर बेतलेले असतात, वेग वाढला की ब्रेकना वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात ऊर्जा जिरवावी लागते, आणि नोंदणीकृत गाडीच्या मूळ रचनेत टर्बो बसवण्यासारखे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ची बंधने आहेत.

हे सर्व असूनही टर्बो गाड्या ट्रॅकवर धावतात आणि टिकतात, याचे उदाहरण पुण्यातूनच मिळते. फोक्सवॅगनच्या पुण्यातील मोटरस्पोर्ट विभागाने 2010 मध्ये पोलो कप ही एकाच प्रकारच्या गाड्यांची शर्यतमालिका सुरू केली, आरंभी 1.6 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन होते, 2012 पासून 1.4 लिटरचे 180 अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन आले, 2015 मध्ये व्हेंटो आणि 2017 मध्ये 1.8 लिटर टर्बोची 205 अश्वशक्तीची अमिओ आली. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टाई येथील ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट अशा उष्ण ठिकाणी या गाड्या धावल्या. त्यांची इंजिने मुळातच टर्बोसाठी घडवलेली होती, सगळ्या गाड्या एकाच चमूच्या देखभालीखाली होत्या आणि शर्यत ठरावीक फेऱ्यांची असे. 1.8 लिटरमधून 205 अश्वशक्ती म्हणजे लिटरमागे 114. त्या इंजिनाकडून निघू शकेल तेवढी सगळी शक्ती तिथे काढलेली नव्हती.

यावरून खर्चाचा क्रमही ठरतो. ट्रॅकसाठी छोट्या गाडीला टर्बो जोडणाऱ्याने पहिला पैसा ऑइल कूलर, मोठा रेडिएटर आणि तळपात्रातील पडद्यांवर खर्च करावा. दुसरा ऑइलचा दाब, ऑइलचे तापमान, मिश्रणाचे प्रमाण आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमान दाखवणाऱ्या मापकांवर, तसेच यांपैकी काही बिघडताच बूस्ट तोडणाऱ्या संगणकीय मांडणीवर. आणि टर्बोचा आकार व बूस्टचा आकडा सर्वांत शेवटी ठरवावा. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा असतो, कारण अश्वशक्तीचा आकडा सांगता येतो आणि शीतनाची सवड दिसत नाही. शक्ती मोजणाऱ्या डायनोमीटरवर काही सेकंद टिकणारी 190 अश्वशक्ती आणि 40 अंशांच्या उन्हात वीस मिनिटे टिकणारी 140 अश्वशक्ती यांत निवड करायची झाल्यास ट्रॅकवर दुसरीच अधिक वेगवान ठरते, कारण पहिली गाडी तोवर उष्णतेने ठिणगी मागे घेत मंदावलेली असते किंवा टोचन करून परत नेली जात असते.